रोशनीचं ताट

माह्या दिव्यानीचं वजन पुन्हा वाढलं, तशी ललिताताई काट्याकडे पाहतच राह्यली. ताई तालुक्याहून येते. जाड होऊन राह्यलेल्या लेकरांच्या घरी जाते, अन् त्यांच्याच चुलीवरचं जेवण नीट बसवून देते. तिच्या सांगण्यावरून आम्ही दुकानातली पाकिटं बंद केली, आंबील सुरू केली, अंबाडीची भाजी केली, तेल निम्म्यावर आणलं. माहा नवरा प्रफुल तर पोरीले पायी वावरात नेऊन राह्यला. तरी डॉक्टर म्हणते, असंच चाललं तर एवढ्या वयात शुगर लागन.

"नीलिमाताई, काही लपवून राह्यल्या काय?" ललितानं विचारलं.

असा राग आला मले! "मी काऊन लपवीन? पोर माही हाय ना!"

तेवढ्यात सासू ताट घेऊन आली. तूप-साखरेचा भात, वर पुऱ्या. तिनं ते पाटावर ठेवून हात जोडले. दिव्यानी न सांगता पाटाजवळ जाऊन बसली.

"हे कोणाचं?" ललितानं विचारलं.

"रोशनीचं," सासू म्हणली.

रोशनी माही थोरली. लहान असतानाच गेली, नुसती हाडं राह्यली होती लेकराची. शेवटी शेवटी भात मागे, अन् पोटात ठरत नसे. आमच्या घरी गेलेल्याचं ताट रोज काढतात. घरातल्या लेकरानं ते खाल्लं तरच गेलेल्याले पोचते. दिव्यानीचा घास न् घास आम्ही पाहून राह्यलो होतो, पण हे ताट तिचं नव्हतंच, मग ते हिशेबात कोण धरणार?

ललितानं पोरीले जवळ घेतलं. "तुले भूक असते काय ग?"

"नाई. पोट दुखते. पण नाई खाल्लं का रोशनीताई दाराशी रडते."

ते रडणं मलेबी ऐकू येते.

ताट बंद करा, असं ललिता म्हणली नाई. म्हणली असती तर सासूनं तिले उंबऱ्याबाहेर काढलं असतं. ती म्हणली, "बाई, रोशनी साऱ्यांचीच होती ना? मंग साऱ्यांनी खा. मूठभर साधा भात, एकेक घास." सासूनं पदर तोंडाले लावला. मंग हो म्हणली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सारे पाटाभोवती बसलो. सासूनं खाल्लं, दिव्यानीनं खाल्लं. प्रफुलनं घास उचलला, तसाच ठेवला अन् अंगणात निघून गेला. रोशनी गेली तेव्हापासून त्यानं तिचं नाव घेतलं नाई. त्याच्या घासाकडे दिव्यानीनं हात नेला.

"खबरदार!" मी ओरडली.

पोर दचकली. "ताई उपाशी राहीन ना, आई!"

"नाई राहणार. मी खाते."

त्याचा अन् माहा, दोन्ही घास म्या तोंडात घातले. नुसता भात, पण गळ्याखाली उतरेना. पाणी पेली, तरी नाई. डोळ्यांतून धारा लागल्या.

दिव्यानी माह्या जवळ सरकली अन् हळूच म्हणली, "चावायचा नाई, आई. डोळे मिटून तसाच गिळायचा."