अडचणींचा रकाना

अर्जातले बाकीचे रकाने अर्नेस्टीन टॉलिव्हरबाईंनी एका बैठकीत भरून टाकले. अडल्या त्या एकाच ठिकाणी. 'तुमच्या अडचणी सविस्तर लिहा.'

अलाबामातल्या त्यांच्या गावाहून डायलिसिससाठी माँटगोमेरी गाठायचं म्हणजे साठ मैल. आठवड्यातून तीनदा पाच म्हाताऱ्यांना त्या आपल्या व्हॅनमधून नेत-आणत. अकरा वर्षं हाच धंदा. आता व्हॅनचा गिअरबॉक्स शेवटच्या घटका मोजत होता, आणि काळ्या लोकांच्या छोट्या धंद्यांसाठी अनुदान निघाल्याची बातमी भाचीनं, लॅव्हॉननं, आणली होती.

"आत्या, सगळं लिही," ती म्हणाली. "गिअर पडत नाही, दार दोरीनं बांधलंय, मेकॅनिकनं हात टेकलेत. लाजू नकोस."

पण बाई वाढल्या होत्या चर्चच्या बाकावर. तिथे रविवारी साक्ष द्यायला उभं राहिलं की आधी देवाचे उपकार सांगायचे. कुणी रडगाणं सुरू केलं, की मागच्या बाकावर खाकरणं सुरू. शिवाय आईनं बजावलेलं, की घरात काय नाही ते परक्याच्या कागदावर कधी लिहून देऊ नये, तो कागद उद्या आपल्यावरच उलटतो. ते खोटं होतं म्हणावं, तर त्या गावात अशा कागदांवर जमिनी गेलेली घरं बोटावर मोजण्याइतकी थोडी नव्हती. म्हणून बाईंनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: देवाच्या कृपेनं सगळं ठीक आहे. अकरा वर्षांत एकाही माणसाचं एकही डायलिसिस चुकलेलं नाही.

ऑक्टोबरात उत्तर आलं. काम कौतुकास्पद आहे, परंतु गरज दिसून येत नाही.

बाईंनी अनुदानाच्या कचेरीत फोन लावला. पलीकडे प्रुइट नावाची मुलगी होती, आपल्यातलीच, आवाजानं गोड.

"मावशी, तुम्हीच लिहिलंय ना, सगळं ठीक आहे म्हणून?"

"अगं, बोलायची रीत असते ती. तुझ्या आईला कुणी विचारलं कशी आहेस, तर ती काय सांगते?"

"हेच सांगते," मुलगी म्हणाली. पण समितीपुढे आई नसते, कागद असतो, आणि आता पुढच्या वर्षीच अर्ज करता येईल.

जानेवारीत व्हॅन हमरस्त्यावर बसली ती बसलीच. चौघांना त्यांची मुलं, सुना नेऊ लागल्या. राहिले गेन्स मास्तर. बायको गेलेली, मूलबाळ नाही. बाईंनी चर्चमधल्या गाड्यांच्या पाळ्या लावायला घेतल्या, तर मास्तर म्हणाले, "माझी सोय झालीय, अर्नेस्टीन. तू बाकीच्यांचं बघ." बाईंनी विश्वास ठेवला. निदान आपल्या माणसाचं 'ठीक आहे' तरी आपल्याला कळायला नको होतं? सोय कसली आणि काय! ओळीनं तीनदा डायलिसिस चुकलं. शुक्रवारी शेजारणीला ते दाराजवळच्या खुर्चीत सापडले, अंगात कोट, पायात बूट.

एप्रिलमध्ये प्रुइटनं आपणहून फोन केला. अर्ज पुन्हा निघालेत, म्हणाली, आणि तुमची मंडळी कशी आहेत? बाईंनी सांगितलं.

मग ती हळू आवाजात म्हणाली, "मावशी, हे लिहा. सांगताना माझीच मला लाज वाटते. पण हे लिहिलंत, तर यंदा मिळेल."

"गेल्या वर्षी ते जिवंत होते. तेव्हा नव्हती का गरज?"

मुलीनं अर्ज टपालानं पाठवून दिला.

अर्ज फाडून चुलीत घालावा असं बाईंना फार वाटलं. पण मुला-सुनांच्या रजा संपत आल्या होत्या, आणि सोमवारी पुन्हा साठ मैल होतेच. त्यांनी लिहिलं: क्लिओफस गेन्स, वय एकोणऐंशी, निवृत्त शिक्षक. गाडी नव्हती म्हणून गेले. डोळे इतके भरून आले की पुढची ओळ दिसेना. पदरी पाप बांधल्यासारखं वाटत होतं, तरी त्यांनी तो रकाना पुरा केला.

पुढचा प्रश्न होता, अनुदानाचा लाभ किती जणांना होईल. बाईंनी सवयीनं पाच लिहिलं, मग ते खोडून चार केलं.