चिंचेवरची खोली

रवीच्या कंपनीनं बक्षीस म्हणून दिलेलं कूपन दोन रात्रींचं होतं, आणि रवीला सुट्टी मिळेना. धारूरच्या घाटात, सीताफळांच्या रानाच्या कडेला, झाडांवर बांधलेल्या खोल्या. रंगीत माहितीपत्रकात मऊ गाद्या होत्या, गिझर होता, फांद्यांतून काढलेला सज्जा होता. त्याच्या आईनं, महानंदाबाईंनी, चष्मा लावून त्यातला एकच फोटो बराच वेळ बघितला आणि सुनेला म्हणाल्या, "कावेरी, आपण दोघी जाऊ."

पुण्यात येऊन सासूबाई सुधारल्या, असं कावेरीला वाटलं. तिनं हौसेनं बॅगा भरल्या.

फोटोतली चिंच महानंदाबाईंनी फांदीवरून ओळखली होती. गुडघा मोडल्यासारख्या वाकलेल्या त्या फांदीला पंचमीचा झोका बांधायचे. शेत त्यांच्या माहेरचं. दहा वर्षांपूर्वी त्यांनी तहसिलीत जाऊन हक्कसोडपत्रावर सही केली, तेव्हा धाकटा भाऊ पंचाक्षरी म्हणाला होता, "अक्का, जमीन माझ्या नावावर, पण माहेर तुझ्या नावावर." पाच वर्षांनी त्यानं चिंचेसकट मोठा तुकडा खोल्यावाल्या कंपनीला विकला. विकताना विचारलं नाही. विकल्यावर तोंड दाखवलं नाही. दर पंचमीला बहिणीला न्यायला येणारा भाऊ यायचा थांबला. आणि न्यायला आल्याशिवाय लेकीनं माहेरी जायचं नसतं, हे महानंदाबाईंना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

१९९८च्या जानेवारीत एका दुपारी दोघी पोचल्या. बॅगा उचलायला आलेला म्हातारा जागीच थबकला. तो शहादेव, महानंदाबाईंच्या वडिलांचा सालगडी.

"अक्का? तुमी? आन् हितं पाव्हण्या म्हणून?"

"मग कुठं जाऊ? मला ह्योच पत्ता ठाऊक हाय. पंचा कुठं असतो?"

"वढ्याच्या पलीकडं दोन एकर राखलेत, तिथंच राहतेत. पण ह्या तारंच्या आत पाय ठेवत न्हाईत. मी हितं कामाला लागलो, कावून लागलास म्हणून चार महिने माझ्याशी बोलले न्हाईत."

"मी आलेय म्हणून सांग. एवढंच सांग."

संध्याकाळी चहा घेऊन आला तेव्हा शहादेव सज्जाच्या कठड्याशी घुटमळला. "सांगितलं."

"काय म्हणला?"

"ज्वारी हुरड्यात हाय, पाखरं लई झाल्यात, म्हणले."

कावेरीला हसू आलं. "आई, हे काय उत्तर झालं?"

महानंदाबाई हसल्या नाहीत. दुसरा दिवस त्यांनी इरकल नेसून सज्जातच काढला. कावेरी जंगल बघून आली, न्याहारीची पोळी-उसळ तशीच झाकून ठेवलेली तिला दिसली. तारेकडच्या वाटेनं दिवसभर कुणी आलं नाही.

तिसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी अंघोळ केली, विभूती लावली, पूजा उरकली आणि बाहेर आल्या. दहा वाजता खोली सोडायची होती. शेजारच्या झाडावरच्या सज्जात मुंबईचे एक गृहस्थ एका पक्ष्यावर दुर्बीण लावून श्वास रोखून उभे होते.

लहानपणी ज्वारी राखायला शेताच्या दोन टोकांना चार खांबांवर दोन माळे असत. एकावर ती, एकावर पंचा. उन्हं चढली की पंचा पेंगायचा. मग ती हाक द्यायची. ओ आली तर ठीक. न आली तर त्या बाजूची कणसं पाखरांची.

महानंदाबाईंनी दोन्ही हात तोंडाशी धरले.

"पंचाऽऽ, जागा हायस काऽऽ?"

रानातली सगळी पाखरं एकदम उठली.

"अहो बाई!" दुर्बीणवाले ओरडले. "स्वर्गीय नर्तक होता तो! दोन दिवस वाट बघतोय मी!"

"मी पाच वर्षं बघतेय," महानंदाबाई म्हणाल्या आणि पुन्हा हाक दिली.

मग ओढ्यापलीकडून, म्हाताऱ्या झालेल्या, मधेच फाटणाऱ्या आवाजात ओ आली.

"हाऽऽय, अक्काऽऽ! हाऽऽय!"

त्यांनी कठडा घट्ट धरला.

"चला आई," कावेरी मागून म्हणाली, "दहा मिनिटांची तर वाट आहे. भेटून येऊ."

"न्यायला आलाय का त्यो?"

"अहो, पण..."

"न्हाई ना? मग बस."

दहा वाजून गेले. मॅनेजर दोनदा येऊन घड्याळ बघून गेला. गाडी सुरू झाली तेव्हा शहादेव धापा टाकत आला. हातात उपरण्यात बांधलेली हुरड्याची कणसं.

"मालक तारंपतूर आलते. आत येईनात. हे दिलं आन् मागं फिरले."

"काय बोलला?"

शहादेवानं मान खाली घातली. "म्हणले, झाड तर मी इकून बसलो. पंचमीला अक्काचा झोका कुठं बांधू, इचार."

महानंदाबाईंनी वर पाहिलं. वाकलेल्या फांदीला आता विजेचा दिवा टांगला होता.

"माळ्याच्या आडव्या लाकडाला बांध म्हणावं," त्या म्हणाल्या. "आता माझं वजन तरी काय राहिलंय."

ओढ्याच्या पुलावर त्यांनी काच खाली करायला लावली. ज्वारीवरून हाका येत होत्या, पाखरांना हाकलायच्या. पूल मागं पडला तरी त्यांनी काच वर करू दिली नाही. गाठोडं मांडीवर होतं.

"कावेरी, पंचमीला किती महिने हायत गं?"

"सात असतील, आई."

"सात," महानंदाबाई म्हणाल्या, आणि उपरण्याची गाठ पुन्हा एकदा आवळली.