डावीकडे दोन बोटं

"एक पान टाका नि सोडा, दाजी. जास्ती डोकं लावू नका," हर्षद म्हणाला आणि गाडीची चावी माझ्यासमोरच्या पिंपावर टाकली.

पस्तीस वर्षं मी रत्नागिरीत गाड्यांच्या कमानपाट्यांचं काम करतोय. मला कोणी डोकं लावू नका म्हटलं की माझं डोकं हमखास फिरतं. पण पोरगा मासळीवाल्या गंगाबायचा, जुन्या गिऱ्हाइकाचा, म्हणून गप्प बसलो. त्याची पिकअप मीच तर उचलून दिली होती. जेटीच्या उतारावर मागचा भाग घासायचा, म्हणून एक्सल आणि पाट्यांच्या मध्ये लोखंडी ठोकळे घातले, दोन्ही पाट्यांत एकेक पान, म्हणजे लोखंडी पट्टी, वाढवलं आणि गाडी चार बोटं वर आली. झालं! साहेबांनी मोठे टायर घातले, मागे निळे दिवे लावले आणि नवरदेवासारखे गावभर फिरू लागले. मग मे महिन्यात गाडी डावीकडे कलली. तेव्हा मी डाव्या बाजूला आणखी एक पान घातलं. आता नोव्हेंबर. गाडी पुन्हा डावीकडे, दोन बोटं खाली.

"किती वाजता हवी?"

"दहाला. आई नि बाकीच्या येतील. आज लांज्याचा बाजार."

आठ वाजून गेले होते. दहाला गंगाबाय आणि तिच्याबरोबरच्या आठ जणी टोपल्या घेऊन मागच्या हौद्यात बसणार, शेजारी बर्फातल्या मासळीचे क्रेट, आणि गाडी अंजणारीचा घाट उतरणार. दर आठवड्याचं ठरलेलं.

मी गाडी रिकामी करून फरशीवर घेतली. ही फरशी मी स्वतः पाण्याची नळी लावून समतल करून घेतलेली आहे, तिच्यावर माझा देवापेक्षा जास्त विश्वास. टायरमधली हवा बघितली, सारखी होती. चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत टेप लावला. पुढे दोन्हीकडे सारखं, मागे डावीकडे दोन बोटं कमी. म्हटलं, पाटा बसला असेल, कमान सपाट झाली असेल. मागची दोन्ही चाकं काढली, पाटे आवळणारे यू-बोल्ट सोडले, पाटे उतरवून फरशीवर शेजारी शेजारी ठेवले.

दोन्ही पाट्यांची कमान ठणठणीत होती. उलट डाव्याला एक पान जास्त, म्हणजे गाडी उजवीकडे कलायला हवी होती.

मग हिला डावीकडे ओढतंय कोण?

"काय बगताय? घाला ना पान," हर्षद फोनमधून मान वर न करता म्हणाला.

"थांब जरा. बर्फाचं पाणी कुठनं जातं रे?"

"डावीकडं भोक पाडलंय ना. बायका उजवीकडं बसतात, त्यांचे पाय भिजतात म्हणून." तो हसला. "आईला तर गाडी कललेलीच बरी वाटते. म्हणते, पाणी आपसूक निचरतं."

वर्षभर खारं पाणी एकाच जागी गळून लोखंड खात होतं. गाडी जितकी कलेल तितकं जास्त गळणार, आणि जितकं गळेल तितकी ती आणखी कलणार. आणि बायका खूश, कारण पाय कोरडे!

मी दिवा घेतला, गोणपाट अंथरलं आणि खाली सरकलो. पाट्याचं मागचं टोक जिथं चासीला, गाडीच्या सांगाड्याला, लटकतं, तिथं दिवा धरला. वर छान काळा रंग होता. गुळगुळीत, चमकणारा.

तो रंग माझा होता.

सांगून टाकतो. मे महिन्यात मी तिथला गंज बघितला होता. पापुद्रे सुटले होते. हातोडी मारून बघायला हवी होती. पण आंब्याचे दिवस, दारात सात गाड्या उभ्या, प्रत्येकाला वाशीच्या बाजाराची घाई. मी वरवर घासलं, काळा रंग फासला, एक पान टाकलं आणि गाडी सोडली. पुढच्या खेपेला बघू म्हटलं. रंग मारला की आपल्यालाही दिसेनासं होतं, आणि दिसलं नाही की झोप छान लागते.

आता हातोडी मारली. लोखंड चांगलं असलं की खणकन वाजतं. हे ओल्या लाकडासारखं वाजलं. स्क्रू-ड्रायव्हर लावला तर आरपार आत गेला, गंजाचे तुकडे माझ्या तोंडावर पडले. पाटा धरणारं ब्रॅकेट चासीत वरच्या अंगाला घुसलं होतं आणि त्याच्या कडेनं वीतभर चीर होती. पाटा सुटून वर बसला असता आणि मागचं चाक आडवं फिरलं असतं, कुठल्याही वळणावर. नऊ बायका.

मी तसाच पडून राहिलो. वर हर्षदचा फोन वाजत होता.

खोटं कशाला बोलू, पहिला विचार माझ्या मनात बायकांचा आला नाही. आला तो असा, की ही चीर माझ्याशिवाय कोणी बघितलेली नाही. पावसात झाली म्हणून सांगितलं तर कोण विचारणार? पस्तीस वर्षांचं नाव आहे. खालून वेल्डिंगचे दोन टाके मारावे, उद्या निवांत बोलावून नीट करावं. लाज वाटते सांगायला, पण एवढं सगळं मी तिथं पाठीवर पडून ठरवलं होतं.

बाहेर आलो तर दारात रिक्षा. गंगाबाय आणि तिच्या जोडीची मैना उतरल्या, मागच्या रिक्षांतून बाकीच्या. साडेनऊच झाले होते.

"झाली काय रे?" गंगाबायनं विचारलं. चाकं निघालेली बघून मैनेनं तोंड वाकडं केलं तशी गंगाबाय तिला म्हणाली, "भिऊ नको गो. दाजीनं बगलान म्हंजे झालं."

ती दुसरं काहीही बोलली असती तरी चाललं असतं.

"गाडी आज जायची नाय," मी म्हणालो.

"काय?" हर्षदनं फोन खिशात टाकला. "दाजी, मस्करी नको. मासळी बर्फात हाय."

"चासी फुटलीय. डावीकडनं. ये, बग."

तो खाली वाकला, दोन बोटं चिरेत घालून आला आणि पांढरा पडला. पण पोरगा हट्टी. "दोन टाके मारा वरून. आजचा दिवस काढते ती. मी हळू नेतो."

"टाका धरायला लोखंड तर हवं ना! टाका कशाला मारू, गंजाला?"

"तुमी मे म्हैन्यात पान घातलंत तेव्हा काय बगलंत मग?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. पावसात झालं, हे शब्द माझ्या जिभेवर होते.

"बगलं होतं," मी म्हणालो. "गंज दिसला होता मला. घाईत होतो. वरून काळा रंग मारला नि गाडी सोडली. चूक माजी हाय."

हर्षदचा आवाज चढला. "म्हंजे? तुला ठाऊक होतं? ठाऊक असून आमच्या आयांना घाटात पाठवलंस तू? हात चालत नसले तर बंद कर हे गॅरेज!"

आयुष्यात पहिल्यांदा तो मला अरे-तुरे करत होता. मी हातोडी फेकून मारली असती, एरवी.

"गप रे," गंगाबाय म्हणाली. तिनं टोपली खाली ठेवली. ती माझ्या जवळ आली, अगदी जवळ. "मे म्हैन्यात?"

"व्हय."

"म्हंजे सगळा पाऊस आमी तशाच गेलो."

"व्हय."

"गणपतीत दिशा माज्या मांडीवर होती." दिशा म्हणजे तिची नात, चार वर्षांची. "धाकल्या सुनेला बाळंतपणाला हिच्यातनंच नेली."

मला वाटलं, आता ही तोंड सोडेल. जेटीवर तिच्या तोंडाला भलेभले लागत नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तिनं फक्त विचारलं, "किती येळ लागंल?"

"पाच तास. कुजलेलं कापून काढायचं, नवा तुकडा घालायचा, दोन्ही अंगांनी पट्टी."

"मैने," ती वळून म्हणाली, "माजी टोपली तू घे. सुरमईचा भाव पाडू नको, सांगून ठेवते. टेम्पो बगा दुसरा नि जावा."

"नि तू गो?"

"मी हितंच बसते."

पिंपावरची चावी तिनं हर्षदकडे टाकली, पिंप माझ्या समोर ओढलं आणि त्यावर बसली. हात मांडीवर, नजर माझ्या हातांवर.

तीस वर्षं गंगाबाय माझ्याकडे गाडी लावून निघून जायची. पहिली तिच्या नवऱ्याची, मग दिराची, मग ही. कधी मागे वळून बघितलं नाही तिनं. आज ती कटर बघत होती, माप बघत होती, मी पट्टी दोनदा घासली की एकदा ते बघत होती. मनात आलं, म्हणावं, जा गो बाय, मला माझं काम शिकवू नको. पण कुठल्या तोंडानं म्हणणार? पहिला टाका वाकडा गेला. मी तो घासून काढला आणि परत मारला. तिनं पुढे वाकून तोही बघितला.

जेवणाची वेळ टळून गेली. हर्षद वडापाव घेऊन आला. तिनं एक खाल्ला, एक माझ्याकडे सरकवला. मी तसाच ठेवला.

अडीच वाजता पाटे चढवले. डावीकडचं ते जास्तीचं पान काढून टाकलं. चाकं लावली, जॅक उतरवला, गाडी दोनदा दाबून बसवली आणि टेप धरला. डावीकडे, उजवीकडे. एक सूतसुद्धा फरक नव्हता.

"सरळ झाली!" हर्षद दहा पावलं मागं जाऊन ओरडला. "आये, बग, एकदम सरळ!"

गंगाबायनं तिकडं बघितलंच नाही. ती उठली, पदर खोचला, साडीचा काष्टा आवळला. "सरळ ती मे म्हैन्यात पण झालीवती. मला खाली काय केलंस ते दाकव."

मी दुसरं गोणपाट अंथरलं. साठीची बाई पाठीवर निजली आणि टाचा रेटत गाडीखाली सरकली. मी शेजारी दिवा धरला. तिनं जोडावरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सुरमई ताजी की शिळी बघताना फिरवते तसं.

"चांगलं हाय ते कसं कळतं?"

"वाजतं."

"वाजव."

मी हातोडी मारली. खणकन आवाज आला. तिनं हात पुढे केला. मी हातोडी तिच्या हातात दिली. तिनं जोरात मारली, मान कलती करून ऐकलं, पुन्हा मारली. मला वाटलं, आता परत देईल.

तिनं दिली नाही. ती उजव्या बाजूच्या ब्रॅकेटकडे सरकली, तिथं मारली. मग पुढच्या. मग त्याच्या पुढच्या. मी दिवा घेऊन तिच्याबरोबर सरकत राहिलो.