मांजराचं निमित्त

वाटीच्या काठाला भाताचं एक शीत चिकटून वाळलं होतं आणि त्याच्यापाशी एक मुंगी थबकली होती — वैशालीने ती फुंकरीने उडवली, वाटीत सुकट घालून कालवलेला भात टाकला, वाटी मागच्या दाराच्या पायरीवर ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून उभी राहिली. पाठ केल्याशिवाय मांजर येत नाही. आधी काहीच नाही, मग सरपणाच्या ढिगामागून अंग घासल्याची बारीक खसखस, मग थांबणं... आणि मग तोंडाची चपचप. दोन वर्षं झाली ही मांजर इथे राहतेय, राखाडी, एका कानाला चीर पडलेली; दिवसभर परसात, आणि रात्री, गल्लीतली कुत्री सुटली की, कोठीच्या खोलीत. या दोन वर्षांत वैशालीने तिला एकदाही हात लावलेला नाही. लावावासा वाटला नाही असं नाही. पण तिने लावून घेतला नसता, आणि तेच वैशालीला आवडायचं — या घरात कुणीतरी एक आहे जे खातं आणि निघून जातं, मीठ कमी झालंय म्हणत नाही, अजून आहे का विचारत नाही. तिचं नावसुद्धा ठेवलेलं नव्हतं. नाव ठेवलं की हाक मारणं आलं, आणि हाक म्हणजे काय असतं ते मला विचारा, सकाळी डोळे उघडल्यापासून...

"वैशाली!"

चपचप थांबली. खसखस. गेली.

नितेश दारात उभा होता, रात्रपाळी करून डोलवीहून नुकताच आलेला, कंपनीचा निळा शर्ट अजून अंगातच. "प्रणितला फोन केला मी," तो म्हणाला. "तुझा भाऊ तयार आहे. रोह्याला ठेवतील तुझ्या त्या मांजराला आठ दिवस. आज जाऊन जागा बघून ये, शनिवारी टोपलीत घालून पोचवू. रविवारी आपण मोकळे."

"मला न विचारता फोन केलात?"

"तू चार दिवस तेच धरून बसलीयस ना — तिचं काय करायचं, तिचं काय करायचं. केलं."

केलं. असं म्हणून तो आंघोळीला गेला. माझा भाऊ, माझं माहेर, माझी मांजर, आणि फोन मात्र याने केला... केरळचंही असंच झालं होतं. दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून जायचं हे नणंदेने, अनिताताईंनी, पनवेलला बसून ठरवलं. तिकिटं निघाली, आणि मग गेल्या रविवारी जेवता जेवता तिला कळलं. तिकडचे आठ जण, इकडचे चार. सासूबाईंची औषधं वैशालीने सांभाळायची, गाडीतल्या प्रवासाचं खाणं वैशालीने करायचं, लेकीची, सायलीची पोटदुखी, अनिताताईंच्या नातवंडांचे कपडे — म्हणजे घरातलं सगळंच बरोबर घ्यायचं, फक्त ओटा तेवढा इथे ठेवून जायचं. आणि सगळे म्हणणार, चल गं, तुला जरा आराम.

तेव्हा ती पहिल्यांदा म्हणाली होती, मांजरीचं काय करायचं? अगदी सहज निघालं तोंडातून. आणि मग त्याला धरून ती लढायला लागली. नितेश म्हणाला, मासळी बाजारात सोडू, राणीसारखी राहील. त्या रात्री ती त्याच्याशी बोलली नाही. सासूबाई म्हणाल्या, "मांजर हाय ती, गो. तिला काय माणसांवानी एकटं वाटतंय?" त्यावरही तिला इतका राग आला की हातातली कढई तिने मोरीत जवळजवळ फेकलीच. शेवटी नितेश वैतागून म्हणाला होता, "वैशाली, मांजराचं निमित्त करू नकोस." या वाक्याचा राग सगळ्यात जास्त. तो उतरतच नव्हता.

परवा शेजारच्या बायजाकाकू कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "मी टाकीन की दोन घास सकाळ-संध्याकाळ. कोठीची चावी देऊन जा." म्हणजे सगळं मिटलं होतं. काकू चांगल्या, मायाळू, दिवसभर घरी असणाऱ्या. आणि वैशालीच्या अंगाची लाही झाली. "ती दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नाही," ती तुटकपणे म्हणाली. काकूंचा चेहरा उतरला. ती दुसऱ्या कुणाच्या हातचं खाते की नाही हे वैशालीला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या कुणी कधी घालूनच पाहिलं नव्हतं.

दुपारच्या गाडीला गर्दी नव्हती. खिडकीबाहेर भात पिवळं पडून वाकलं होतं, काही ठिकाणी कापणी लागली होती, पाठी वाकवलेल्या बायका ओळीने पुढे सरकत होत्या. वैशाली मांडीवर पर्स घट्ट धरून बसली होती, कुणी ती हिसकावून घेणार असल्यासारखी. मनातल्या मनात ती नम्रताशी, भावाच्या बायकोशी, भांडत होती. तुमच्या घरात सतत माणसांचा राबता. तुमचं दार सदा उघडं. तुमच्या रस्त्यावर गाड्या. ती घाबरेल, पळेल, मग कोण शोधणार? एकेक मुद्दा ती घोटून पक्का करत होती, आणि निडीला गाडी थांबली तेव्हा फलाटावर एक बाई एकटीच बाकावर बसून शेंगा खाताना तिला दिसली. गाडीत ती चढली नाही. कुणाची वाट बघत असावी असंही वाटेना. शेंग फोडायची, दाणे खायचे, टरफलं पदरात टाकायची. गाडी हलली, बाई मागे गेली... आणि वैशालीला त्या बाईचा हेवा वाटला, तो इतका मोठा, इतका उघडा हेवा, की ती दचकलीच. रिकामं घर. चूल बंद. दुपारी दोनला जेवले तरी चालेल, नाही जेवले तरी चालेल. मागच्या पायरीवर वाटी, आणि वाटीकडे पाठ करून मी... हे किती दिवस आपण मनात मांडून ठेवलं होतं? रंगासकट, उन्हासकट?

म्हणजे नितेश बरोबर बोलला होता. म्हणूनच उतरत नव्हता तो राग. खोटं कुणी बोललं असतं तर ती चार शब्द सुनावून मोकळी झाली असती. खरं बोललेल्या माणसाचं काय करायचं?

रोह्याला नम्रता दारातच उभी होती. तिने हात धरून वैशालीला थेट मागच्या खोलीत नेलं. खोली झाडूनपुसून रिकामी केली होती. खिडकीला नवी जाळी. कोपऱ्यात घमेल्यात कोरडी वाळू. एक लाकडी खोकं आडवं ठेवून त्यावर जुनी चादर पडद्यासारखी सोडलेली.

"लपायला जागा हवी ना तिला," नम्रता म्हणाली. "आणि ताई, मी तिच्याकडे बघणार पण नाय. वाटी ठेवायची आन् पाठ फिरवायची. तुम्हीच मागं फोनवर सांगितलेलं, माझ्या ध्यानात हाय."

वैशालीने दाराखालची फट बघितली. तिथे गोणपाट गुंडाळून ठेवलेलं होतं.

"प्रणितचे मित्र येतात ना संध्याकाळी? आवाज असतो..."

"सांगितलंय, आठ दिवस कुणाला आणू नका."

घोटून ठेवलेले मुद्दे एकेक गळून पडत होते आणि वैशालीचा चेहरा तापत होता. हिला इतकं चांगलं वागायला कुणी सांगितलं होतं? एक तरी खोट ठेवायची. नम्रताने अळूवड्या तळल्या होत्या, त्या तिने गरम गरम पुढे केल्या आणि समोर बसून म्हणाली, "तुम्ही बिनघोर फिरून या, ताई. तुम्हाला कधी सुट्टी मिळते?"

वैशालीने हातातली वडी खाली ठेवली. क्षणभर वाटलं, हिला सांगावं. हिलाच सांगता येईल. पण काय सांगणार — की मला तुझी खोली नको, माझं घर हवंय, त्यातली माणसं वजा करून? ती म्हणाली, "छान आहेत वड्या." नम्रताने चार वड्या डब्यात भरून दिल्या, सासूबाईंसाठी.

परतीच्या गाडीत तिने काहीही ठरवलं नाही. हे तिला नंतर पुन्हा पुन्हा आठवलं, की आपण काहीही ठरवलं नव्हतं.

संध्याकाळी घरात शिरली तेव्हा नितेश स्वयंपाकघरात चहा करत होता. सासूबाई बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर, सायली क्लासला. "काय, बघितली जागा?" त्याने विचारलं. त्याचा आवाज बरा होता, झोप झालेल्या माणसाचा. आणि वैशाली म्हणाली,

"नम्रता नाही म्हणाली."

"म्हणजे?"

"नाही जमणार म्हणाली. घाण होते मांजराची."

नितेशने चहाचं पातेलं खाली आपटलं. "सकाळी प्रणित हो म्हणतो आणि दुपारी ती नाही म्हणते? कधी एक काम सांगितलं तुझ्या माहेरच्यांना? सायलीच्या बारशापासून बघतोय. ती नम्रता तर वरून गोड बोलणारी..."

"तिच्याबद्दल एक शब्द बोलू नका!"

आपला आवाज तिला ओळखू आला नाही. बाहेर टीव्हीचा आवाज कमी झाला. "काय गो, काय झालं?" सासूबाईंनी विचारलं. तिच्या पर्समध्ये नम्रताचा डबा होता, अजून कोमट असेल, आणि ती इथे उभी राहून त्याच नम्रतासाठी नवऱ्याच्या अंगावर धावून जात होती. खोटं मी बोलले, शिव्या तिला, आणि राग मला याचा... नितेशने खिशातून फोन काढला. "थांब, प्रणितलाच विचारतो."

"ठेवा तो फोन. ठेवा म्हणते ना!"

त्याने तिच्याकडे बघितलं. मग फोन ओट्यावर ठेवला आणि स्टुलावर बसला. तो बोलला तेव्हा त्याचा आवाज एकदम वेगळा होता, जरा लाजल्यासारखा.

"मग असं करू. मी राहतो. आईला आणि सायलीला अनिताताई नेईल, ती नेते बरोबर. सुट्टी मंजूर झालेलीच आहे. आपण दोघंच राहू इथे." तो ओट्यावरच्या फोनकडे बघत होता. "तसे आपण कधी राहिलोय दोघंच? लग्न झाल्यापासून घरात कुणी ना कुणी आहेच. तुझ्या मांजरीलाही सवय होईल माझी."

किती चांगला होता तो. पंधरा वर्षांपूर्वी हे ऐकायला ती कुठेही चालत गेली असती. आणि आता तिचा जो संताप उसळला तसा या चार दिवसांत एकदाही उसळला नव्हता, मासळी बाजार म्हणाला तेव्हाही नाही — कारण आता त्याने त्या रिकाम्या घरात पाऊल टाकलं होतं, त्या उन्हात स्टूल ओढून बसला होता, चहा मागत होता, आणि ते सगळं प्रेमाने. वाईटपणाशी भांडता येतं. याच्याशी कसं भांडायचं?

"खोटं बोलले मी," ती म्हणाली. "नम्रता हो म्हणाली. खोली तयार करून ठेवलीय तिने."

"मग?"

"मला यायचं नाहीये. आणि तुम्ही राहायला नकोय. मला एकटीला राहायचंय."

"एकटीला म्हणजे काय?"

तिला सांगता येईना. शब्द एवढाच होता. त्याच्यामागे आणखी काही असेल असं तिला वाटत आलं होतं, ते शोधायला गेली तर हाताला लागेना.

"माझ्यापासून सुट्टी हवीय तुला?" नितेश हळू म्हणाला.

नाही म्हणायला हवं होतं. निदान डोकं हलवायला. ती उभीच राहिली. तो उठला, गाळलेला चहा पेल्यात तसाच ठेवून बाहेर गेला. सासूबाईंना काहीतरी बोलला, पायऱ्यांवर चपलांचा आवाज झाला, फाटक वाजलं. आता तो कोपऱ्यापर्यंत जाईल, परत येईल, कदाचित अनिताताईंना फोन करेल, कदाचित कधीच काही बोलणार नाही. रविवारी कोण जाईल आणि कोण राहील ते तिला माहीत नव्हतं.

ती रागाची वाट बघत थांबली. चार दिवस तो नेमाने आला होता, प्रत्येक वाक्यागणिक, आणि त्याच्या जोरावर ती चालली होती, बोलली होती, खोटंही बोलली होती. आता तो येईना. त्याच्या जागी छातीत काहीतरी थंड, हलकं, भीतीसारखं पसरत होतं. समजा गेले सगळे. समजा फाटक बंद झालं. मग काय करशील, वैशाली? — आणि तिने खरंच डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला: सकाळ, कुणाची हाक नाही, आणि आपण कुठेतरी निवांत बसलो आहोत. सासूबाईंची खाट, नितेशची खुर्ची, सायलीचा पलंग... एकेका खोलीतून ती मनाने फिरत राहिली, आणि या घरात आपण बसतो ती जागा कोणती, ते तिला काही केल्या आठवेना.