विहीर क्रमांक चार

आमच्या विहिरीच्या पाण्यात क्षार फक्त शहाऐंशी आहेत, हे मी साखर कारखान्याच्या अहवालात वाचलं तेव्हा केजच्या शाळेत सातवीचे पेपर तपासत बसले होते. हातातलं लाल पेन मी टेबलावर असं आपटलं की शेजारच्या बाई दचकल्या.

मी विज्ञान शिकवते. लिटरमागे शहाऐंशी मिलिग्रॅम म्हणजे काय, ते मला कळतं. आमच्याकडच्या काळ्या दगडातून येणारं पाणी हजाराच्या आसपास असतं, चांगली म्हणावी अशी विहीरसुद्धा सहसा पाचशेच्या खाली येत नाही. त्याच तक्त्यात बाकीच्या सात विहिरी होत्या. नऊशे, अकराशे, आठशे साठ. आणि मध्येच विहीर क्रमांक चार, बौद्ध वस्ती, शहाऐंशी. शेरा: पिण्यास योग्य. एवढं गोड पाणी आमच्या भागात एकाच ठिकाणी मिळतं, वीस लिटरच्या निळ्या जारमध्ये.

ती विहीर माझ्या वडिलांची. बन्सी त्यांचं नाव. त्यांनी आणि त्यांच्या दोन भावांनी ती हातांनी खोदली. आता वडील नाहीत. माय आहे, विहीर आहे आणि विहिरीखालची दोन एकर जमीन आहे. वस्तीची चाळीस घरं त्याच विहिरीवर धुणंभांडी करायची आणि पाच वर्षांपूर्वीपर्यंत तेच पाणी प्यायची. मग साखर कारखान्यानं डिस्टिलरी काढली आणि तिच्या काळ्या सांडपाण्याचं तळं आमच्यापासून दीडशे पावलांवर खोदलं. पहिल्या वर्षी पाण्याला वास आला, दुसऱ्या वर्षी रंग आला. आता ते कोऱ्या चहासारखं दिसतं आणि म्हैससुद्धा तोंड लावून मान फिरवते.

कारखान्याला आता दुसरं तळं हवं होतं, पहिल्याच्या दुप्पट आणि थेट आमच्या बांधाला लागून. त्यासाठी कायद्यानं पर्यावरणाचा अहवाल करावा लागतो आणि त्यावर जनसुनावणी घ्यावी लागते. पहिल्या तळ्याशेजारची विहीर पाच वर्षांनंतरही शहाऐंशीवर असेल, तर दुसऱ्या तळ्याला कोण कशाला अडवेल? आमचीच विहीर आमच्याविरुद्ध साक्षीला उभी केली होती.

अहवाल हाती येण्याआधी मी ग्रामपंचायतीत गेले होते, कारण नव्या तळ्याची जमीन शेतीची, आणि ती त्यासाठी वापरायला पंचायतीनं ना-हरकत दिली होती. ग्रामसेवक म्हणाले, "म्याडम, आमी ना-हरकत देताना स्वच्छ लिव्हलंय, पर्यावरण अहवालाच्या अधीन राहून." तहसीलमध्ये गेले तर तिथं सांगितलं, पंचायतीची ना-हरकत जोडलेली आहे, आम्ही काय करणार? आणि अहवाल उघडला तर त्यात लिहिलेलं, स्थानिक संस्थेची हरकत नाही. तिघांनी एकमेकांच्या कागदावर बोट ठेवलं होतं आणि विहिरीत डोकावून कुणीच पाहिलं नव्हतं. पंचायतीच्या सरपंच छबुबाई, त्यांचा मुलगा विजयसिंह कारखान्याचा संचालक, आणि वस्तीला जार पुरवणारा पाण्याचा प्लँटही त्याच विजयसिंहाचा. आधी विहीर नासवायची आणि मग पाणी विकायचं. म्हणजे कुंपणानं शेत खायचं आणि वर राखणीची मजुरीही मागायची!

शनिवारी शाळा सुटल्यावर एस.टी.नं माजलगाव आणि तिथून जीपनं गाव गाठलं. पिशवीसुद्धा खाली न ठेवता मी मायला विचारलं, "आपल्या विहिरीचं पाणी तपासायला कुणी आलतं का?"

"आल्ता की," माय म्हणाली. तिचा चेहरा एकदम उजळला. "अंगद नाव त्याचं. गळ्यात कार्ड, पाठीवर खोकं. उन्हानं लाल झाल्ता बिचारा. मी मनलं बसा, पाणी घ्या. आमे, दोन गिलास पेला बग. बाजंवर बसून, गिलास तोंडाला लावून."

हे ती असं का सांगते, ते मला माहीत आहे. तिच्या सासूला गावाच्या विहिरीवर पाणी वरून ओंजळीत मिळायचं. वस्तीनं धम्म घेतला, वडिलांनी विहीर खोदली, आणि मायनं त्या दिवसापासून एक रीत धरली. दारात कुणीही आला, पोस्टमन, मीटरवाला, बँकेचा माणूस, की त्याला बसवायचं आणि पाणी द्यायचं. आजही गावातले निम्मे लोक गोड हसतात आणि म्हणतात, "आत्ताच पिऊन आलो, सिंधुबाई." आमच्या दारात कुणाला तहान नसते. म्हणून जो पितो, त्याचं नाव ती वर्षभर घेते.

"मग?" मी विचारलं.

"मग मनला, मावशी, दोन बाटल्या भरून पायजेत. देल्या भरून."

"कशातून?"

 कोपऱ्यातल्या निळ्या जारकडं मायनं पाहिलंसुद्धा नाही. ती मुद्दाम पाहत नव्हती.

"जारमधून?"

"मग काय ते घाण पाणी देऊ पाव्हण्याला?"

"माय, तो पाहुणा नव्हता! तो नमुना घ्यायला आलता! त्यानं विचारलं नाही, हे विहिरीचं आहे का म्हणून?"

"इचारलं." तिचा आवाज बारीक झाला. "मी मनलं, आमच्याच घरचं हाय."

मी ओरडले. आईवर ओरडू नये तेवढं ओरडले. तुझ्या त्या दोन ग्लासांपायी विहीर गेली, जमीन गेली, असं काय काय बोलले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या बापानं खोदलेल्या इहिरीचं पाणी नासलंय, हे मी परक्याला काहून सांगू?" आणि चुलीकडं गेली. मला तिथंच माझी लाज वाटली, पण राग गेला नाही. तो फक्त योग्य जागी गेला. नियम स्पष्ट आहे, नमुना घेणाऱ्यानं पाणी स्वतः विहिरीतून काढायचं, बाटली त्याच पाण्यानं विसळायची. विहीर घरापासून तीस पावलांवर होती. अंगदला तेवढं ऊन सोसवलं नाही. आणि प्रयोगशाळेपासून अहवाल करणाऱ्या सल्लागारापर्यंत कागदाला हात लावणाऱ्या एकाही शिकलेल्या माणसाला हजाराच्या आसपासच्या सात विहिरींमधल्या शहाऐंशीचं नवल वाटलं नाही. चूक माझ्या मायची एकटीची कशी?

जनसुनावणी कारखान्याच्याच मैदानावर होती. कारखान्याचा मांडव, कारखान्याच्या खुर्च्या, मागं कारखान्याच्या कढया. मंचावर अध्यक्ष म्हणून जिल्ह्याचे एक अधिकारी, शेजारी प्रदूषण मंडळाचे साहेब, सल्लागार कंपनीचा एक टाय लावलेला गृहस्थ. पुढच्या रांगेत विजयसिंह.

माझी पाळी आली तेव्हा मी पान क्रमांक सांगून आकडा वाचला. बाकीच्या विहिरींचे आकडे वाचले. म्हणाले, हे विहिरीचं पाणी असूच शकत नाही, हे जारचं पाणी आहे.

सल्लागार म्हणाला, "पावसाच्या पाण्याच्या स्थानिक पुनर्भरणामुळे असा फरक येऊ शकतो. आमची प्रयोगशाळा मान्यताप्राप्त आहे."

"मास्तरीणबाई," विजयसिंह बसल्या जागेवरून म्हणाला, "ह्यो अहवाल हाय, तुमच्या पोरांचा पेपर न्हाई लाल पेन मारायला." मांडव हसला.

तेवढ्यात माझ्या शेजारची खुर्ची सरकली. माय उभी राहिली होती. तिनं माइक मागितला नाही, पण मांडव गप्प झाला, कारण ती कधी बोलत नसे.

"मी सिंधुबाई बन्सी. त्या माणसाला म्या जारचं पाणी देलं. इहिरीचं न्हाई."  पदर तिनं मुठीत आवळून धरला होता. "आमच्या इहिरीचं पाणी पाव्हण्याला देण्याजोगं राह्यलं न्हाई. म्हणून देलं."

हे वाक्य बोलायला तिला किती जड गेलं असेल, ते त्या मांडवात मला एकटीला कळत होतं. ज्या गावासमोर तिनं आयुष्यभर आपलं पाणी ताठ मानेनं पुढं केलं, त्याच गावासमोर ती म्हणाली की माझं पाणी देण्याजोगं नाही.

विजयसिंह हसला. "मंजे सिंधुबाई, तुमीच फसवलं की सरकारला!"

आणि लोक हसले. आमच्या वस्तीतलेसुद्धा दोघंतिघं हसले, कारखान्यावर कामाला असलेले. माय खाली बसली नाही, ती सरळ बाहेर चालू लागली. मी तिच्यामागं धावले. ती कारखान्याच्या भिंतीच्या सावलीत जाऊन बसली आणि पदरात तोंड घालून रडली. आम्ही तिथंच होतो तेव्हा मागं पुरी-भाजीच्या पंगती बसल्या. सुनावणीचं इतिवृत्त त्याच वेळी माइकवर वाचून दाखवलं म्हणे, कारण लोकांना वाचून दाखवायचं असा नियम आहे. लोक तेव्हा बुंदी वाढून घेत होते. हरकत कुणीच घेतली नाही.

ते इतिवृत्त आठ दिवसांनी पंचायतीच्या फळ्यावर लागलं. मी मायच्या नावाची ओळ शोधली. "श्रीमती सिंधुबाई यांनी सर्वेक्षण पथकास पाणी उपलब्ध करून दिल्याचे सांगितले. प्रकल्पातर्फे त्यांच्या सहकार्याबद्दल आभार मानण्यात आले."

मी ती ओळ तीनदा वाचली. शिवी दिली असती तर मला इतकं लागलं नसतं. माझ्या मायची उभ्या जन्माची लाज या माणसांनी उचलली आणि तिचा आभाराचा ठराव केला!

त्या रविवारी मी पर्यावरण मंजुरी देणाऱ्या राज्याच्या समितीला सात पानांची हरकत लिहिली. तक्ता जोडला, विहिरीचे फोटो जोडले, आणि मायचं प्रतिज्ञापत्र. त्यावर तिनं अंगठा नाही उठवला. वडिलांनी शिकवलेली सही केली, एकेक अक्षर थांबून. हरकत पाठवली आणि विसरायचा प्रयत्न केला. पण मे महिन्यात समितीचं एका ओळीचं पत्र आलं. विहीर क्रमांक चारचा नमुना हरकतदाराच्या उपस्थितीत पुन्हा घ्यावा, तोवर निर्णय थांबवला आहे.

नमुना घ्यायला माणूस आला. तोच. अंगद.

भर दुपार होती. त्याच्यामागून विजयसिंहाची गाडी आली आणि कडुनिंबाखाली थांबली. अंगद घामानं निथळत होता. त्यानं पाठीवरचं खोकं दारात उतरवलं, बाजेकडं पाहिलं आणि सवयीनं म्हणाला, "मावशी, पाणी द्या."

माय दारातच उभी होती. आत जार होता, पालथा ग्लास होता. मला वाटलं, हिला राहवणार नाही, ही देईल.

"आदी बाटल्या," माय म्हणाली.

"आं?"

"इहीर तिकडं हाय. दोर हाय, बादली हाय. तुमच्या हातानं काढा. बाटल्या भरा. मग पाणी देते."

अंगदनं विजयसिंहाकडं पाहिलं. विजयसिंह म्हणाला, "सिंधुबाई, उनातान्हातून आल्याला माणूस हाय. आदी पाणी तर द्या. ही काय रीत झाली?"

"रीत तुमी नका शिकवू मालक," माय म्हणाली. "ती माझी हाय."

अंगद विहिरीवर गेला. मी फोनवर सगळं टिपत होते. बादली खाली गेली, वर आली. तो वास त्याच्या नाकात शिरताना मी पाहिला. त्यानं मान फिरवली, म्हशीसारखीच. बाटली विसळली, भरली, दुसरी भरली. पाणी काचेतून तांबूस दिसत होतं. मायनं त्याला चिठ्ठीवर विहिरीचा नंबर लिहायला लावला, तारीख लिहायला लावली, आणि मग बुचावर चिकटवलेल्या सीलच्या पट्टीवर स्वतः सही केली.

तेव्हा ती आत गेली. तांब्या आणि दोन ग्लास घेऊन आली. एक अंगदला दिला. तो मान खाली घालून गटागटा प्याला. दुसरा तिनं विजयसिंहापुढं धरला.

तो गोड हसला. "आत्ताच पिऊन आलो, सिंधुबाई."

मायनं हात मागं घेतला नाही.

"तुमच्याच पिलांटचं हाय, मालक," ती म्हणाली. "निसता गिलास आमचा हाय."

विजयसिंहाचं हसू तसंच राहिलं, पण हात पुढं आला नाही. तो एकदा अंगदकडं, एकदा माझ्या फोनकडं बघून गाडीकडं वळला. गाडी गेली आणि धूळ आमच्या अंगणात आली.

मायनं तो ग्लास स्वतः पिऊन टाकला. मग अंगदला म्हणाली, "पट्टी अजून एकदा गुंडाळा. दोनदा."