सरळ काटे, वाकडे आकडे

मिस्त्रीने बायकोच्या मिनीबसला डिजिटल मीटर बसवलं, त्या दिवशी स्वारी भलतीच खुशीत होती. इंजिनच्या पाण्याचं तापमान, ऑइलचं प्रेशर, बॅटरी, सगळं ठसठशीत हिरव्या आकड्यांत. जरा इकडचं तिकडे झालं की आकडा बदलणार, धोका दिसला की बझर कोकलणार. "आता गाडी तुझ्याशी बोलेल बघ," तो म्हणाला. गाडी बोलायला लागली खरी, पण बायकोची बोलती त्याआधीच बंद झाली होती.

तशी ती गप्प बसणारी बाई नव्हे. घाटापलीकडच्या इस्पितळात रोज पेशंटना नेणं-आणणं हे तिचं काम, आणि वाटेत प्रत्येकाची विचारपूस करणं हा तिचा स्वभाव. कुणाच्या गुडघ्याची सूज, कुणाच्या जावयाची नवी नोकरी, कुणाचं शेजाऱ्याशी वाजलेलं, आरशात बघत बघत सगळ्यांची खबरबात घ्यायची. असाच गप्पांचा फड रंगलेला असताना, दोनेक महिन्यांपूर्वी, भर चढावर इंजिन तापून बंद पडलं. रेडिएटरचा पाइप गळत होता. जुन्या मीटरचा काटा नक्कीच वर चढला असणार, पण त्याची काच पिवळट पडलेली आणि बाईचं लक्ष जावयाच्या नोकरीत. डायलिसिसला निघालेली एक आजी रणरणत्या उन्हात रस्त्याकडेला दुसऱ्या गाडीची वाट बघत बसली आणि इस्पितळात उशिरा पोचली. आजीला काही झालं नाही, ती रागावलीसुद्धा नाही. पण बाईने ते फार मनाला लावून घेतलं. दुसऱ्या दिवशीपासून तिने फर्मान काढलं, "गाडी चालू असताना माझ्याशी कुणी बोलायचं नाही."

नंतर मिस्त्रीने इंजिन उघडून नीट केलं आणि हे नवं मीटर आलं. मीटरमध्ये खोट म्हणाल तर काडीचीही नव्हती, खोट एवढीच की ते सगळं सांगायचं. सपाटीवर पंच्याऐंशी. चढ लागला की अठ्ठ्याऐंशी, नव्वद, पुन्हा एकोणनव्वद, मग एकदम ब्याण्णव. डिझेलचं इंजिन चढावर इतकं तापणारच, हे तिला कळत होतं. पण प्रत्येक नवा आकडा दिसला की नजर रस्ता सोडून मीटरवर जायची. पंच्याण्णव दिसलं की ती गाडी बाजूला घ्यायची, इंजिन निवायची वाट बघायची आणि मग निघायची. असं एका चढावर दोनदा, कधी तीनदा. आजी पुन्हा उशिरा पोचायला लागली, म्हणजे ज्या गोष्टीची धास्ती तीच दर खेपेला घडायची. बिचारे प्रवासी तोंडाला कुलूप लावून बसायचे.

त्या शुक्रवारी तर कहर झाला. वळणावर आकडा त्र्याण्णववरून चौऱ्याण्णववर जाताना ती बघत राहिली आणि डावं चाक रस्ता सोडून कच्च्या कडेवर उतरलं. मागून कुणीतरी किंचाळलं. तिने गाडी सावरली.

संध्याकाळी ती थेट गॅरेजमध्ये गेली. मिस्त्री एका ट्रॅक्टरखाली झोपून नट पिळत होता.

"अहो, बाहेर या. सोमवारी इस्पितळात सांगून टाकते, दुसरा ड्रायव्हर बघा म्हणून."

मिस्त्री इतक्या घाईने बाहेर आला की डोकं आपटलं. चाकाची हकिकत ऐकून त्याचा चेहरा पडला.

"अगं, पण आता तर मीटर एवढं अचूक आहे!"

"तेच तर नडतंय. रस्ता बघू की आकडे वाचू?"

"मग काय, पुन्हा काट्याचं बसवू? ते सगळं अंदाजपंचे असतं."

ती आडव्या टाकलेल्या टायरवर बसली.

"आरशात मी मागची माणसं मोजते का हो?" ती म्हणाली. "सगळी बसलेली असली की नजर नुसती फिरते. एखादा उठून उभा राहिला की न बघताही कळतं. तसं पाहिजे मला. तीन काटे, आणि सगळं ठीक असलं की तिन्ही सरळ वर. एकाने मान वाकडी केली की मला कळेल."

मिस्त्रीने डोकं चोळलं. "प्रत्येक काट्याची ठीक असण्याची जागा वेगळी असते. एकाची डावीकडे, एकाची उजवीकडे, एकाची तर पार खाली."

"मग मीटरच फिरवून बसवा."

"फिरवून? अगं, आकडे वाकडे दिसतील! लोक म्हणतील, मिस्त्रीने झोपेत बसवलेत."

त्याचं दुःख खरं होतं. पाहुणा म्हणून गेला तरी यजमानाच्या भिंतीवरची तसबीर सरळ करून येणारा माणूस तो. पण बायको पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही, या विचाराने त्याला जास्त धडकी भरली. हाताला लागलेलं ग्रीस पुसत तो म्हणाला, "खरं सांगू? ते मीटर मी माझी भीती जावी म्हणून बसवलं होतं. तुझी वाढेल, हे डोक्यातच आलं नाही."

"माहितीये मला," ती म्हणाली. तिला त्याची फार माया आली. "तुमचा बझर मात्र राहू द्या. कान रिकामेच आहेत."

रविवारभर तो डॅशबोर्डमध्ये डोकं घालून होता. काट्याची तीन नवी मीटर, स्वच्छ काचेची, एक इकडे कललेलं, एक तिकडे, एक जवळजवळ उलटंच. बसवताना त्याने दोनदा डोळे मिटून घेतले, पण बसवली.

सोमवारी चढ सुरू झाला. तिने पहिल्या वळणाला खाली पाहिलं, तिन्ही काटे ताठ उभे. दुसऱ्या वळणालाही पाहिलं. तिसऱ्या वळणाला समोरून लाकडांचा ट्रक आला, त्याला जागा देण्याच्या नादात पाहायचं राहून गेलं. सगळ्यात उभ्या टप्प्यावर नजरेच्या कडेला काहीतरी कललं. पाण्याचा काटा. तिने गिअर उतरवला आणि घाई सोडली, गाडीला तिच्या चालीने जाऊ दिलं. गाडी बाजूला घ्यावीशी वाटली, पण ती थांबली नाही. थोड्या वेळाने काटा पुन्हा उभा राहिला. बझर चकार शब्द बोलला नाही.

माथ्याजवळ एक निळ्या खिडक्यांचं घर होतं. बाई बघतच राहिली.

"अय्या! हे घर कधी झालं?"

बोलायचं की नाही, कुणालाच कळेना. शेवटी आजीनेच धीर केला.

"कधी म्हणजे? महिना झाला, पडदेसुद्धा लागलेत. रोज त्याच्यासमोरून तर जातेस, बाई!"

बाईला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. तिने आरशात मागे पाहिलं. सगळे तिच्याकडेच बघत होते.

"कुणाचं आहे हो?" ती म्हणाली. "सगळं पहिल्यापासून सांगा. अजून अख्खा उतार बाकी आहे."