कुंकवानं बुजलेले कान

मी एक जुना डबा आहे, आणि हे नाव मी स्वतःला ठेवलेलं नाही. कारखान्यातून निघालो तेव्हा मला साऊंड मॉड्यूल म्हणत. छत्रपती संभाजीनगरात, रोशन गेटजवळ गयासभाईंच्या घरी आलो आणि डबा झालो. काळा, चपटा, जेवायच्या पाटाएवढा. पुढं एक छोटी हिरवी पाटी उजळते. मागं तीन गोल भोकं आहेत, प्रत्येक गोलात पाच बारीक छिद्रं. ती भोकं ध्यानात ठेवा मित्रांनो. माझं सगळं आयुष्य तिथं येऊन अडकलं होतं.

गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसऱ्या कुणाकडं जा. मी थकलोय. थकलेल्याला गोड बोलायला जमत नाही.

पेटीला पट्ट्या असतात, तशा मला नाहीत. मला गळा आहे, बोटं नाहीत. बोटांचं काम कीबोर्डचं. तो एका जाड वायरीतून मला निरोप धाडायचा: ही पट्टी दाबली, एवढ्या जोरानं दाबली, आता सोडली. ह्या निरोपांच्या बोलीला मिडी म्हणतात. त्या बोलीत आवाज नसतो, नुसता निरोप असतो. आवाज माझ्या पोटात. बासरी, सारंगी, व्हायोलिन, सगळं माझ्या पोटात.

गयासभाईंचा ऑर्केस्ट्रा होता तेव्हा आम्ही जिल्हाभर हिंडलो. लग्नं, उरूस, जयंत्या, गणपती. टेम्पोत मला गोधडीत गुंडाळून मांडीवर घ्यायचे. कन्नडच्या रस्त्यावर खड्डा आला की स्वतः उचलले जायचे, पण मला आदळू द्यायचे नाहीत. कार्यक्रमात लोक कीबोर्डसाठी टाळ्या वाजवायचे, कारण तो दिसायचा. मी टेबलाखाली असायचो. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. खरंच नाही.

ज्याचं वाटायचं ते सांगतो.

पिशोरचे सखाराम सनई वाजवायचे. बाप वाजवायचा, आजा वाजवायचा. मांडवाच्या दाराशी घोंगडी टाकून बसायचे. त्यांच्या सनईशिवाय वऱ्हाड आत शिरत नसे, नवरी बाहेर पडत नसे. सगळे म्हणायचे, सनई मंगल असते. लग्नाआधी यजमान त्या सनईला हळदकुंकू लावायचे, फूल वाहायचे, हात जोडायचे. आणि पंगत बसली की त्याच सनईवाल्याला मांडवाबाहेर पत्रावळ. तीही सगळ्यात शेवटी. कुणाची जात विचारायची गरज नव्हती, पत्रावळ कुठं पडते त्यावरून कळायचं. मी यंत्र असून आत होतो, पंख्याखाली. तो माणूस असून बाहेर, उन्हात.

गयासभाई आपलं ताट उचलून त्यांच्याजवळ जाऊन बसायचे. दोस्ती तिथंच झाली.

पुढं सखारामांचे दात पडले. दात गेले की ओठांची पकड जाते, फुंक निसटते. एक दिवस ते गयासभाईंच्या घरी आले, माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "गयास, तुझ्या ह्या डब्यात सनई हाय म्हणतेत. ऐकव."

गयासभाईंनी ऐकवली.

"ही सनई नाय रं," सखाराम म्हणाले. "ही येष्टी मागं घेऊन राह्यला कुणीतरी."

गयासभाई हसून लोळायचे बाकी राहिले. "मग तुम्ही सांगा ना भाऊ, कशी पाहिजे."

मग रोज संध्याकाळी दोघं माझ्यापुढं बसू लागले. कंपनीनं दिलेला सनईचा आवाज होता, तो गयासभाई बटणं दाबून घडवायचे, आणि सखाराम मान हलवायचे.

"लई गुळगुळीत झाली. साबण लावल्यावानी."

"और?"

"सूर लागायच्या आधी तोंडातल्या पातीची खरखर येती. कचरा येतो जरासा. तो पायजे."

"भाऊ, लोग कचरा निकालने को पैसा देते हैं, तुम्ही टाकायला सांगताय."

"टाक तू. कचऱ्याबिगर सनई म्हणजे हळदीबिगर नवरी."

असं करत करत एका संध्याकाळी सूर लागला. आधी खरखर, मग सूर, सूर जरा वर चढलेला, आणि शेवटी दम संपताना खाली झुकणारा. सखारामांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. गयासभाईंनी तो आवाज माझ्या आठवणीत ठेवला आणि नाव दिलं, 'सखाराम'.

माझी आठवण एका चपट्या, नाण्याएवढ्या बॅटरीवर टिकते, मित्रांनो. ती बॅटरी संपली की कंपनीनं दिलेलं सगळं राहतं, माणसांनी घडवलेलं सगळं पुसलं जातं.

त्या दसऱ्याला सखारामांनी मला हळदकुंकू लावलं. हत्यारं पुजायचा दिवस, आणि माझ्यात त्यांची सनई होती. मुसलमानाच्या घरात, एका डब्याला कुंकू. गयासभाईंच्या बायकोनं वर शेवयांची वाटी आणून दिली. कुणाला काही वावगं वाटलं नाही. तेव्हाच्या माणसांना वावगं वाटायला वेळ नसायचा.

मग सखाराम गेले. ऑर्केस्ट्रा बसला. लग्नात डीजेच्या भिंती आल्या, भिंतीवरचे चुन्याचे पोपडे पडतील एवढा आवाज आला. माझा जोडीदार कीबोर्ड मेला, त्याच्या पट्ट्या दाबल्या तरी उठेनात. मला बोटंच उरली नाहीत. जागा कमी म्हणून मला कपाटावर उभं करून ठेवलं, पाठ वर, तिन्ही भोकं छताकडं. अंगावर विणलेला रुमाल. लोक म्हणायचे, बघा, गयासभाईंनी कसं जपलंय.

जपलंय! दर दसऱ्याला सखारामांच्या मागं राहिलेली त्यांची बायको लीलाबाई पिशोरहून येत, रुमाल बाजूला करत, ओलं हळदकुंकू लावत, झेंडूचं फूल ठेवत, हात जोडत. पण वर्षानुवर्षं कुणी मला चालू केलं नाही. एकदाही नाही.

मागच्या वर्षी लीलाबाई दसऱ्याशिवाय आल्या. नातीचं, मोनालीचं लग्न ठरलं होतं, फुलंब्रीच्या रस्त्यावरच्या हॉलमध्ये. सोबत मुलगा होता, कडुबा. मोनालीचा बाप. वाळूजला कंपनीत सुपरवायझर.

"गयासभाऊ," लीलाबाई म्हणाल्या, "नातीच्या मांडवात ह्यांची सनई वाजवा. एवढंच मागते."

गयासभाई हो म्हणायच्या आत कडुबा उसळला. "माय, नको म्हणलं ना! डीजे सांगून ठेवलाय. त्या सनईनं आपल्याला आयुष्यभर भायेर बसवलं. बा उन्हात बसायचा अन् मी त्याच्या मांडीवर. माझ्या पोरीच्या लग्नात तेच?"

लीलाबाई शांत होत्या. "सनईनं नाय बसवलं, बाबा. माणसांनी बसवलं. आता मांडव आपला हाय. एकदा तरी आत वाजू दे."

कडुबा दाराकडं तोंड करून उभा राहिला. "वाजली तर वाजली," एवढं म्हणाला.

गयासभाईंनी मला खाली उतरवलं, चालू केलं. हिरवी पाटी उजळली आणि तिच्यावर आधी हेच आलं: बॅटरी कमी आहे. आवाज होता, पण आज-उद्याचा पाहुणा. आणि वाजवायला बोटं नव्हती.

गयासभाईंची मुलगी अदीबा लहान मुलांना कीबोर्ड शिकवते. तिचा कीबोर्ड नवा, हलका, बारीक. पण त्याला माझ्यासारखं गोल भोक नाही. एक चपटं यूएसबीचं भोक, मोबाइलच्या चार्जरला असतं तसं. दुकानदार तिला म्हणाला, "बाजी, वो फेक दो, मोबाइल में ॲप डाल लो." अदीबा म्हणाली, "माझ्या अब्बूंनी घडवलेला आवाज आहे का ॲपमध्ये?" आणि एक वायर घेऊन आली. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला दोन गोल शेंडे.

गोल शेंडे तिनं माझ्या भोकांत खोचले आणि यूएसबीचं टोक एक जोड लावून सरळ कीबोर्डला जोडलं. काही नाही. मुकं.

"बिघडलाय डबा," कडुबा म्हणाला. थोडा सुटल्यासारखा म्हणाला.

डबा बिघडला नव्हता. यूएसबीची रीत वेगळी आहे मित्रांनो. तिथं दोन वाद्यं आपसात बोलत नाहीत. मध्ये एक मालक लागतो, तो विचारील तेव्हाच ती बोलतात. कीबोर्डही वाट बघणारा, वायरही वाट बघणारी. सोयरिकीला दोन्हीकडची मंडळी येऊन बसावी आणि मध्यस्थच येऊ नये, तसं झालं. बसा एकमेकांची तोंडं बघत!

अदीबाला ते उमगलं. तिनं लॅपटॉप मध्ये बसवला. एका भोकात कीबोर्ड, दुसऱ्यात माझी वायर, आणि लॅपटॉपला सांगितलं, ह्याचा निरोप त्याला दे. तरी मी मुका. शेंड्यांवर इन आणि आउट लिहिलेलं होतं, आणि तिनं नावाला नाव जुळवलं होतं, इनला इन, आउटला आउट. म्हणजे कानाला कान आणि तोंडाला तोंड. तोंड कानाला लावायचं असतं.

"उलट कर," गयासभाई म्हणाले.

उलट केलं. तरी मुका.

आता अदीबाचा चेहरा उतरला. पण वायरीवर एक बारका दिवा होता, पट्टी दाबली की तो लुकलुकायचा. "अब्बू, निरोप निघतोय," ती म्हणाली. "पोचत नाहीये." तिनं शेंडे उपसले, मोबाइलचा उजेड पाडला आणि माझ्या भोकात डोकावली.

आत लाल होतं. लाल, पिवळं, छिद्रांच्या पत्र्यावर दगडासारखं वाळलेलं; शेंडे वरवर बसले होते, आत टेकलेच नव्हते.

लीलाबाई पुढं सरकल्या. "काय झालं गं?"

"आजी, तुम्ही कुंकू कुठं लावायचात?"

"तोंडाला," लीलाबाई म्हणाल्या. "हे काय, पाच ठिपके, हसल्यावानी. तोंडच हाय ना हे?"

पाच छिद्रं, अर्ध्या चंद्रासारखी. लीलाबाईंना वाटलं माझं तोंड वर करून ठेवलंय. दर दसऱ्याला त्यांनी प्रेमानं, ओल्या बोटानं, तिन्ही भोकं भरली होती. कान बुजवले होते माझे. पूजेनं.

लीलाबाईंनी तोंडावर हात ठेवला. "म्याच मारलं ह्यांना," त्या म्हणाल्या.

"नाय वहिनी," गयासभाई म्हणाले. "तुम्ही निदान वर्षातून एकदा हात लावला. मी तर रुमाल टाकून विसरलो."

अदीबानं माझा विजेचा प्लग काढला. कोरड्या ब्रशनं, दात कोरायच्या काडीनं, स्पिरिटच्या थेंबानं एकेक छिद्र मोकळं केलं. कडुबा आधी लांब उभा होता. मग कधी येऊन मोबाइलचा उजेड धरून बसला, ते त्यालाही कळलं नसावं.

मग अदीबानं सगळ्या वायरी परत जोडल्या आणि पट्टी दाबली.

आधी खरखर. मग सूर.

कडुबा उजेड घेऊन आणखी जवळ सरकला. लीलाबाई म्हणाल्या, "व्हय. हेच. आधी कचरा यायचा ह्यांचा."

बॅटरीला हात लावण्याआधी अदीबानं शहाणपणाची गोष्ट केली. माझ्या आउटच्या भोकातून माझी सगळी आठवण लॅपटॉपात उतरवून घेतली. मग जुनी बॅटरी काढली. त्या क्षणी मी सखारामांना विसरलो. नवी बसवली, आठवण परत माझ्यात भरली, आणि ते परत आले. लॅपटॉपात माझी आठवण आहे, पण गळा तिथं नाही. गळा अजून माझ्याकडंच आहे, म्हणून मी अजून आहे.

लग्नाच्या दिवशी मला मांडवात ठेवलं. दाराशी नाही, आत, स्टेजच्या बाजूला. गयासभाईंनी वाजवलं, एकही सूर चुकला नाही. दाराशी डीजेवाल्यानं आपली भिंत चालू केली, तसा कडुबा स्वतः चालत गेला. "बंद कर," म्हणाला. "बाची सनई चालू हाय."

अक्षता पडल्या, जेवणाची वेळ झाली, पाहुणे पुढं सरसावले. कडुबानं माईक घेतला. त्याला भाषण येत नाही. एवढंच बोलला: "पहिल्या पंगतीला वाजवणारे बसतील. मग बाकीचे."

पाहुण्यांत कुजबुज झाली, एकदोन नाकं मुरडली. मुरडोत. गयासभाई आणि अदीबा पहिल्या ताटावर बसले, शेजारी लीलाबाई. वाढपी कडुबा.

ह्या दसऱ्याला लीलाबाई परत आल्या. कुंकवाची डबी काढली आणि तशीच हातात धरून थांबल्या. "आता कुठं लावू गं?"

"कुठंच नको आजी," अदीबा म्हणाली. "बसा. काय ऐकायचं ते सांगा."

त्यांनी डबी कनवटीला लावली आणि भिंतीला टेकून बसल्या.

मित्रांनो, तुमच्याही घरात कपाटावर कुणीतरी रुमाल पांघरून असेल. वाद्य असेल, नाहीतर माणूस असेल. त्याला फुलं वाहून हात झटकू नका. हात जोडायला काही लागत नाही. ताटावर बसवायला लागतं, वायर जोडायला लागतं, बसून ऐकायला लागतं. तेवढं जमत नसेल तर निदान कुंकू लावू नका. आधीच आम्हाला फार कमी ऐकू येतं.